वालेट्याला राहिलेला नांगर

यांनी खळ्यात पाट आणून ठेवला, तांब्यातलं पाणी त्याच्या तिन्ही बाजूंनी ओतलं आणि म्हणाले, "हे वालेटा."

मी ओटीवर तांदूळ निवडत बसले होते. सारवलेल्या खळ्यात पाण्याचे ओघळ पसरत चालले होते.

"सकाळीच सारवलंय मी," मी म्हणाले.

"समुद्राला कोण सारवतं? सूप ठेव आणि ये इकडं."

"तो जेवायचा पाट आहे."

"जेवायच्या वेळी गाव उचलून देतो तुला. ये तर."

मी सूप घेऊनच खाली उतरले. यांनी दोन करवंट्या पाण्यात उपड्या घातल्या. त्या बोटी. पाण्यापलीकडे तीन सुपाऱ्या मांडल्या. ती समोरची जुनी गावं. मग पाटाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "हा कोट. सरळ पाण्यातून वर आलाय. खालून बघितलं तर मान मोडते. दगड कसला, गुळाच्या ढेपेसारखा. सकाळी पिवळा, आणि सूर्य कलला की बरक्या फणसाच्या गऱ्यासारखा."

"आणि मी कुठं उभी राहू?"

यांनी माझ्या सुपातला एक तांदूळ उचलला आणि पाटाच्या अगदी कडेला ठेवला. "ही तू. इथं वर बाग आहे, कठडा आहे. कठड्याला टेकून खाली बघायचं." त्याच्या शेजारी दुसरा दाणा ठेवला. "हा मी."

"आणि तो नांगर?"

ओल्या सारवणात करंगळी रुतवून यांनी एक खळगी केली. पाणी लगेच तिच्यात भरलं.

"तो इथं," हे म्हणाले.

ही गोष्ट हे असतानाची. आमचे हे म्हणजे काशिराम सुर्वे. दाभोळ खाडीच्या काठी आमचं गाव. गावात यांना सगळे सारंग म्हणत, कारण मोठ्या मालबोटीवर हे साधे खलाशी म्हणून चढले आणि खलाशांचे मुकादम, म्हणजे सारंग, होऊन उतरले. माल्टा नावाचं बेट आहे, त्याची राजधानी वालेटा आणि तिथं मोठं बंदर आहे, हे मला लग्न झाल्यावर कळलं. तेव्हापासून मला ते बघायचं होतं. साड्या, दागिने, मुंबईची खोली, यातलं मी काही मागितलं नाही. मागितलं ते एवढंच, की एकदा वालेट्याला न्या.

"बोटीवरून सुटलो की जाऊ," हे म्हणायचे. सुटल्यावर म्हणाले, "शालनचं लग्न होऊ दे." शालन आमची मुलगी. तिचं लग्न झालं, ती चिपळूणला नांदायला गेली, तिला मुलगी झाली, ती मुलगी शिकून नर्स झाली, तरी वालेटा होतं तिथंच राहिलं. आणि मग त्याच नातीला, प्रणिताला, नोकरी लागली ती नेमकी तिथल्या दवाखान्यात.

"कुठं म्हणालीस?" हे फोनवर ओरडले.

"व्हॅलेटा, आजोबा. माल्टा. नकाशात बघा, इटलीच्या खाली."

"मला नकाशा दाखवतेस? मी तिथं नांगर टाकून आलोय!"

"टाकून आलात की हरवून आलात?" पोरगी म्हणाली. घरातल्या सगळ्यांना ती गोष्ट पाठ होती.

तिनंच ठरवलं. मे महिन्यात दोघांनी यायचं. तिला सुट्टी चार दिवसांची मिळणार, म्हणून चार दिवस. कागदपत्रांचं शालन बघणार. आम्ही फक्त चालायची तयारी करायची, कारण वालेट्यातले कितीतरी रस्ते म्हणजे नुसत्या पायऱ्याच.

"आणि आजी, एक गंमत सांगू?" प्रणिता म्हणाली. "इथले लोक व्हॅलेटाला व्हॅलेटा म्हणतच नाहीत. नुसतं 'बेल्ट' म्हणतात."

"कंबरेचा पट्टा?"

"नाही गं. त्यांच्या भाषेत बेल्ट म्हणजे शहर. बेल्टला चाललो, बेल्टहून आलो, असं."

"बरोबरच आहे," हे मागून म्हणाले. "आपल्या गावाचं आपण नाव थोडंच घेतो? गावाला चाललो म्हणतो."

माझ्या माहेरच्या गावालाही आम्ही नुसतं गावच म्हणायचो.

पासपोर्टाच्या चौकशीला एक हवालदार घरी आला. सांगलीकडचा होता, नुकताच बदलून कोकणात आलेला, घामानं भिजलेला. मी त्याला कोकमाचं सरबत दिलं. त्यानं माझं नाव विचारलं, मी सांगितलं, अंजिरा काशिराम सुर्वे. सही करता येते का विचारलं, मी करून दाखवली. मला अक्षर आलं ते पन्नाशीत, गावातल्या बायकांच्या दुपारच्या वर्गात. सही करताना अजून जीभ दातांत धरते मी.

"परदेशी कशाला चाललाय, आजी?"

"नांगर बघायला."

हवालदाराचं पेन थांबलं. त्यानं यांच्याकडे बघितलं. "शेतीचं प्रदर्शन हाय का काय तिकडं?"

हे एवढे हसले की त्यांना खोकला लागला. "फिरायला म्हणून लिहा, साहेब. बाई घाटावरची आहे, तिला सगळीकडे नांगरच दिसतो."

मीही हसले. या शब्दाला हसता येईल, असं एके काळी मला वाटलं नव्हतं.

लग्नानंतर चार महिन्यांनी हे बोटीवर गेले आणि पुढच्या वर्षी परत आले. आले त्या संध्याकाळी ओटीवर गावातली माणसं जमली. मी आत चहा गाळत होते. बाहेर यांचा आवाज चढला होता.

"वारा असा, की साखळी तंबोऱ्यासारखी वाजतेय! माझ्या डोळ्यांदेखत तुटली. कप्तान वरून बोंबलतोय, मी खालून बोंबलतोय, आणि आमचा नांगर गेला पाण्यात! राहिला तो राहिलाच वालेट्याला!"

सगळे हसले. कोणी तरी म्हणालं, "आता माशांनी नांगरट करावी." पुन्हा हसले.

मी चहाची परात उंबऱ्यावर ठेवली आणि मागच्या दारानं विहिरीकडे गेले. त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी यांच्याशी बोलले नाही. वर्षभरानं नवरा घरी आलाय आणि बायको तोंड फिरवून बसलीय. सासूबाई म्हणाल्या, "घाटीण ती. डोक्यात राख घालून घेते लगेच." हे बिचारे माझ्यासाठी आणलेला काचेचा मोर हातात घेऊन पडवीत फेऱ्या घालत होते.

तिसऱ्या दिवशी विहिरीवर यांनी माझ्या हातातला दोर धरला. "मी केलं तरी काय?"

"चार माणसांत माझ्या आबांची चेष्टा केली."

"तुझ्या आबांची? मी?"

"पाण्यात नांगर राहिला म्हणाला. माशांची नांगरट म्हणाले आणि तुम्ही हसला."

यांच्या हातून दोर सुटला. बादली आपटत खाली गेली.

मी कोयनेकाठची. आमची पाथरवाडी आता धरणाच्या पाण्याखाली आहे. धरणाची भिंत उभी राहिली तेव्हा मी परकरातली पोर होते. उठा, उठा, असं सगळे सांगत होते, बरीच घरं उठलीही होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मात्र नदीकडचं रान नांगरायला काढलं. "यंदा पाणी हितवर येत न्हाई," म्हणाले. दिवस मावळला तेव्हा शेवटचं तास, म्हणजे नांगराची शेवटची ओळ, अर्धं राहिलं होतं. आमच्याकडे असं तास अर्धं राहिलं तर नांगर घरी आणत नसत. तासातच उभा ठेवायचा, नुसती बैलं सोडून आणायची. सकाळी ज्याचं त्यानं येऊन पुढं न्यायचं. दुसरं कोणी हात लावत नाही, की मधे कोणी आडवं जात नाही. आबांनी तसाच ठेवला. रानाला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाले, "सकाळी येतो."

रात्री वर डोंगरात काय झालं कोण जाणे. सकाळी रानात जायला वाटच नव्हती, नुसतं पाणी.

आम्ही बैलं घेऊन घाट उतरलो. कोकणात जागा मिळाली, तिथं बाकीच्यांबरोबर राहिलो. आबांनी नवा नांगर केला नाही. भाताच्या खाचरात ते दुसऱ्याच्या बैलांमागं राबले, पण स्वतःचा नांगर म्हणून करायचा नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "माझा तिकडं उभा हाय." वस्तीतली पोरं मागं लागायची, "आजा, पाण्यात काय पेरलं? मासं उगवलं का?" ते मरेपर्यंत आमच्या घरात नांगर हा शब्द कोणी उच्चारला नाही. आणि मला वाटलं होतं, लग्न ठरवताना सासरच्यांना हे सगळं सांगितलंच असेल.

हे विहिरीच्या काठावर बसून राहिले. मग माझा हात धरून मला खाडीवर घेऊन गेले. ओहोटी होती. एक मचवा चिखलात कलंडला होता. त्याच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, दोर खाली आला होता आणि दोराच्या टोकाला गंजलेलं लोखंड, त्याची नखं चिखलात रुतलेली.

"हा बघ. आमच्यात ह्याला नांगर म्हणतात."

मी वाकून बघितलं. "ह्यानं काय नांगरता?"

"काहीच नाही. हा फक्त धरून बसतो. तुझ्या आबांचा जमीन फाडायचा. आमचा जमीन धरतो. नाव तेवढं एक."

मी पहिल्यांदा हसले, मग रडले, आणि चिखलात उभे राहून हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एक दिवस तुला वालेट्याला नेतो. माझा दाखवतो. मग आपण जाऊन तुझा बघू."

"माझा नको," मी म्हणाले. "तुमचाच दाखवा."

तेव्हापासून मी वालेट्याच्या मागं लागले.

आता खरंच जायचं ठरलं, तर सगळं घर त्याच गडबडीत. खळ्यातला पाट रोज दुपारी भरायचा. पहिल्या दिवशी बंदरातली लहान होडी. तिच्या नाळेवर दोन डोळे रंगवलेले असतात, असं हे सांगायचे. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांचे रस्ते आणि घरांच्या लाकडी गॅलऱ्या. हिरव्या, तांबड्या, काचा लावून बंद केलेल्या. "आत बसून बाई सगळं बघते, तिला कोणी बघत नाही," हे म्हणायचे. "तुझ्यासारखीच्या सोयीची." तिसरा दिवस प्रणिता म्हणेल तसा. चौथ्या दिवशी वरची बाग, कठडा, आणि खाली ते पाणी.

"चौथ्या का? पहिल्याच दिवशी का नाही?" मी विचारलं.

"मग उरलेले तीन दिवस तू काय बघशील? तिथंच उभी राहशील."

पायऱ्यांची सवय व्हावी म्हणून आम्ही रोज उन्हं उतरल्यावर देवीच्या डोंगरावर जायला लागलो. देवळापर्यंत जांभ्याच्या उंच पायऱ्या आहेत. वर गेलं की खाडी आणि पलीकडचा समुद्र दिसतो. पहिल्या दिवशी हे माझ्या आधी वर पोचले आणि मला हिणवलं, "घाटावरची ना तू? डोंगर चढायला आम्ही शिकवायचं?" मग काही दिवसांनी हे अर्ध्यावर वडाखाली बसायला लागले. म्हणायचे, "इथून मचवे छान दिसतात." पुढं वडाच्याही खालच्या वळणावर बसले. तिथून मचवे दिसत नाहीत. तिथून फक्त शाळेचं छप्पर दिसतं.

"काय बघताय?" मी विचारलं.

"छप्पर," हे म्हणाले. ओठ निळसर झाले होते.

शालननं यांना चिपळूणला नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीचा कार्डिओग्राम काढला, त्याची पट्टी दोनदा बघितली.

"आजोबा, विमान नको. इतके तास वर, तेही मधे बदलून. मी परवानगी देणार नाही."

"मग बोटीनं जातो."

"आजोबा!"

"बरं," हे म्हणाले. मग बाईंच्या टेबलावरचा काचेचा गोळा उचलून बघितला आणि परत ठेवला. "राहिलं."

रात्री हे जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "तू जा."

"कुठं?"

"प्रणिताकडे. तुझं तिकीट राहू दे. शालन तुला विमानात बसवील, प्रणिता तिथं उतरवून घेईल."

"मी एकटी जाऊन काय बघू?"

"जे बघायला जन्मभर माझ्या मागं लागलीस ते."

"मला तिथं काय कळणार? नुसतं पाणी दिसणार. कुठं बघायचं ते तुम्ही दाखवणार होता."

"पाटावर दाखवलंय की रोज."

"मग पाट डोक्यावर घेऊन जाऊ?"

एरवी हसले असते. हसले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "अंजिरे, एक सांग. तो नांगर म्हणजे लोखंड. कंपनीनं पुढच्या बंदरात दुसरा लावला. तू आठवण काढली नसतीस तर मी तो केव्हाच विसरलो असतो. तुलाच त्याचा एवढा ध्यास का?"

मी भांडी घेऊन मोरीवर गेले.

प्रणिता फोनवर रडली. तिकिटं रद्द झाली. पाट मात्र यांनी उचलला नाही. तो खळ्यात तसाच होता, करवंट्या, सुपाऱ्या आणि सगळं. कोंबड्यांनी दोन्ही तांदूळ टिपून नेले. मी बाजूनं सारवत राहिले.

मग एका सकाळी हे अंघोळ करून, इस्तरीचा सदरा घालून ओटीवर येऊन बसले. दारात भाच्याची जीप.

"पिशवी भर. दोन दिवसांचे कपडे घे."

"कुठं जायचंय?"

"वालेट्याला. गाडीनं जाता येतं त्या वालेट्याला."

मला वाटलं, गुहागरच्या समुद्रावर नेतात. पण चिपळूण मागं पडलं आणि गाडी कुंभार्ली घाटाकडे वळली, तेव्हा मला कळलं. तो घाट मी एकदाच उतरले होते, बैलांच्या मागून. पुन्हा कधी चढले नव्हते. शालनच्या नणंदेचं लग्न कराडला होतं, तेव्हा ऐन वेळी माझं डोकं दुखलं होतं.

"मला उतरवा," मी म्हणाले. "मी माघारी जाते एसटीनं."

"डॉक्टरीणबाईंनी मला विमान नको म्हटलंय. घाट नको म्हटलेलं नाही."

"तुमचं नव्हे, माझं सांगतेय मी."

"माझा नांगर काही आता आपल्याला दिसत नाही," हे समोर रस्त्याकडे बघत म्हणाले. "दोन्हींतला एक तरी बघू."

भाचा गाडी चालवत होता. मी पदर तोंडाला लावला तो वर घाटमाथा येईपर्यंत काढला नाही. काढला तेव्हा वारा बदलला होता. कोरडा, गवताच्या वासाचा. तो वास माझ्या ओळखीचा होता. मी गाडी थांबवा म्हणाले नाही.

रात्री साताऱ्याला मुक्काम केला आणि उजाडायच्या सुमाराला बामणोलीला पोचलो. तिथून धरणाच्या पाण्यात बोटी सुटतात. भाचा काठावर गाडीतच झोपला. बोटवाला पन्नाशीचा असेल, डोक्याला टापशी बांधलेला.

"वासोटा बघायचा का, आजी? का संगम?"

"पाथरवाडी," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "पाथरवाडी आता…"

"म्हाईत हाय मला." इतक्या वर्षांत मी असं बोलले नव्हते. तोंडातून आपोआप आलं.

त्यानं यांना हात देऊन आत घेतलं आणि इंजिन सुरू केलं.

मे महिना, पाणी उतरलेलं. डोंगरांच्या पायाला तांबड्या मातीचे पट्टे पडले होते, एकाखाली एक, पाणी जसजसं खाली गेलं तसतसे. मला प्रणिताचा शब्द आठवला. बेल्ट.

हे बोटीच्या पुढच्या टोकाला बसले होते. पाठ ताठ. मोठ्या मालबोटीवर असेच बसत असतील. एकदम हात वर करून म्हणाले, "डावीकडं बघ. कोट."

डावीकडं डोंगराचा काळा कडा होता.

"पाण्यातून सरळ वर आलाय, बघितलास? आणि वर झाडी दिसते ना, ती बाग. चौथ्या दिवशी आपण तिथं उभे. तू घामाघूम. म्हणतेयस, ह्या पायऱ्या कोणी केल्या मेल्यानं."

"आणि तुम्ही?"

"मी वडाखाली बसलोय. छप्पर बघत."

मी हसले. बोटवाला आमच्याकडे वळून वळून बघत होता. यांनी त्यालाही दाखवलं, "ते पलीकडं तीन टेंगळं आहेत ना, ती समोरची जुनी गावं. होडीनं जाता येतं." तो म्हणाला, "हां, हां," आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारलं, बाबा बरे आहेत ना? मी मान हलवली. बाबा अगदी बरे होते. मला दिलेले चार दिवस ते मला एका सकाळीत दाखवत होते.

"आता गॅलऱ्या," हे म्हणाले. "हिरव्या, तांबड्या…"

आणि तेवढ्यात वळणामागून तो डोंगर समोर आला.

आम्ही त्याला वशिंड म्हणायचो. बैलाच्या खांद्यासारखा, मागं उतरता आणि पुढं उंच. लहानपणी घराच्या दारातून तो पुरा दिसायचा. आता अर्धाच होता, अर्धा पाण्यात. पण खांदा तोच. त्याच्या डाव्या अंगाला ओढा उतरायचा, ओढ्याच्या खाली देऊळ, देवळाच्या पुढं आमचं घर आणि घराकडून नदीकडं जाताना दोन आंबे. सगळं खाली होतं. मला मात्र ते वरून स्पष्ट दिसत होतं, जसा खळ्यातला पाट दिसायचा तसं.

"थोडं उजवीकडं घे," मी बोटवाल्याला म्हणाले.

यांचा दाखवणारा हात खाली आला.

"आणखी पुढं. आता डावीकडं. हळू. हितं ओढा हाय. हितं देऊळ. देवळावरनं सरळ घे."

हे माझ्याकडे वळून बसले. इतकी वर्षं यांनी दाखवायचं आणि मी बघायचं. आता मी दाखवत होते आणि हे, जे नुसतं पाणी होतं त्याच्याकडं, मी दाखवीन तिथं बघत होते.

"हितं दोन आंबं. एक शेपू, एक खोबऱ्या. खोबऱ्याचं आंबं आबा आम्हाला देत नव्हते, आढीत घालायचे. हितनं बांध. आता थांबव."

बोटवाल्यानं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. पाणी बोटीच्या फळीला हळू हळू लागत होतं.

"हे?" यांनी विचारलं.

"हे," मी म्हणाले.

वारा होता थोडा. बोट जागेवर राहीना, हळूहळू सरकायला लागली. जन्माची सवय, यांनी बोटवाल्याकडे न बघताच हुकूम सोडला, "नांगर टाक रे!"

बोटवाला बघत राहिला. "नांगर?"

"हो. बोट चालली बाजूला. नांगर टाक."

त्यानं टापशी काढली आणि तोंड पुसलं. त्याला वाटलं असेल, बाबांचं डोकं फिरलं. पण तो चेष्टेनं बोलला नाही. खाली पाण्याकडे बघत म्हणाला, "नांगर समद्यांचं खालीच हायती, बाबा. वर कुनी आनलाच न्हाय."

हे उठून, तोल सांभाळत, माझ्या शेजारी येऊन बसले. बोट सरकत होती. यांनी माझा हात घट्ट धरला, जणू तेवढ्यानं बोट जागच्या जागी राहील.

मी पाण्यात हात घातला. वरचं पाणी कोमट होतं, खाली बोटं जातील तिथं गार. तोच ओला हात कपाळाला लावला.

"आबांचा उभा असेल," मी म्हणाले. "तासात ठेवलाय. पडायचा न्हाई तो."

"कशासाठी ठेवला म्हणालीस?"

"सकाळी येतो म्हणून."

समोर वशिंडावरून ऊन उतरत उतरत पाण्यावर आलं. कोरड्या मातीचे पट्टे गुळाच्या ढेपेसारखे पिवळे झाले. हे तिकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळले.

"मग सकाळच आहे की," हे म्हणाले.